प्रदूषणाला संमती कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



खाडीच्या काठाला मेलेले मासे लागले की गावात प्रथम संताप होतो, मग मोर्चा निघतो, मग तहसीलदार येतात आणि अखेर मंडळाची एक गाडी येते. गाडीतून एक अधिकारी उतरतो, नाल्याशी वाकून बाटलीत पाणी भरून घेतो, बाटलीवर चिठ्ठी चिकटवतो आणि निघून जातो. त्या बाटलीचे पुढे काय झाले हे गावाला सहसा कळत नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावरही घोषणा बराच वेळ चालू असतात. पण सरकारी यंत्रणेचे सगळे काम त्या बाटलीभोवती चाललेले असते आणि मोर्चातल्या कोणाचेही लक्ष तिच्याकडे नसते.

१९७४ चा जलप्रदूषण कायदा या बाटलीविषयी फार काटेकोर आहे. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना अधिकाऱ्याने कारखान्याच्या चालकाला त्याच ठिकाणी नोटीस दिली पाहिजे, त्याच्या देखत नमुन्याचे दोन भाग केले पाहिजेत, दोन्हींवर मोहोर लावून दोघांच्या सह्या झाल्या पाहिजेत. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जातो. चालकाने मागणी केली तर दुसरा राज्याच्या प्रयोगशाळेकडे जातो. ही रीत पाळली नाही, तर त्या नमुन्याचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे चाळीस कारखान्यांचे पाणी जिथे एक झाले आहे अशा दूरच्या नाल्यावर भरलेली बाटली नाला घाण असल्याचे सांगेल. तो कोणी घाण केला हे ती सांगू शकणार नाही. गावाला घाण आधीच ठाऊक असते. तेव्हा गाडी आली की तिला गटाराच्या तोंडाशी, कारखान्याच्या कुंपणापाशी नेणे, हे मोर्चाचे पहिले काम असावयास हवे.

ही यंत्रणा आकाशातून पडलेली नाही. या बाबतीत महाराष्ट्र केंद्राच्याही पुढे होता. केंद्राचा कायदा होण्याच्या पाच वर्षे आधी, १९६९ मध्ये, राज्याने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी मंडळ स्थापन झाले. पाणी हा विषय घटनेने राज्यांकडे दिलेला. म्हणून केंद्राला १९७४ चा कायदा करण्यासाठी बारा राज्यांच्या विधिमंडळांचे ठराव घ्यावे लागले. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. त्याने हा कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. त्याच वर्षी हवेचा कायदा झाला, आणि भोपाळनंतर, १९८६ मध्ये, पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा आला. आज या सर्व कायद्यांचा मोठा भार राज्याच्या मंडळाच्या खांद्यावर आहे.

आणि मंडळाचे मुख्य हत्यार एकच: संमतिपत्र. कारखाना उभारण्यापूर्वी एक संमती, चालवण्यापूर्वी दुसरी. या कागदावर किती पाणी वापरायचे, किती सोडायचे, त्यात कोणते द्रव्य किती मर्यादेत असावे, धुराडे किती उंच असावे, हे सारे लिहिलेले असते. शब्दच मोठा बोलका आहे. घाण पाणी सोडण्यास राज्याची संमती! ज्याच्या विहिरीत ते पाणी झिरपणार, त्याची संमती कोणी विचारलेली नसते. त्याच्या वतीने मंडळ ती देते. म्हणूनच मंडळ कोणाचे बनलेले आहे हे पाहणे अगत्याचे ठरते.

कायद्याच्या चौथ्या कलमात त्याचे उत्तर आहे. अध्यक्ष राज्य सरकार नेमते. सरकारी अधिकारी पाचपर्यंत. स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य पाचपर्यंत. आणि नद्यांत मैला सोडणाऱ्यांत नगरपालिका व महानगरपालिका आघाडीवर आहेत, हे कोणापासून लपलेले नाही. राज्याच्या मालकीच्या कंपन्यांचे वा महामंडळांचे दोन प्रतिनिधी. एक पूर्णवेळ सदस्य-सचिव. राहता राहिले बिनसरकारी सदस्य: ते तीनपर्यंत, आणि त्या तीन जागांत शेती, मासेमारी, उद्योग आणि व्यापार या सर्वांनी दाटीवाटीने बसायचे. कामगारासाठी स्वतंत्र जागा नाही. शिवाय अठराव्या कलमाप्रमाणे राज्य सरकारने लेखी आदेश दिला, की मंडळाला तो बांधील. जे सरकार औद्योगिक वसाहती वसवते, गुंतवणुकीच्या करारांचे सोहळे करते, तेच सरकार त्या वसाहतींवर पहारा ठेवणाऱ्या मंडळाला आदेशही देते. अध्यक्षपदी कोणाला बसवावे याविषयी राज्यांचा कारभार इतका सैल होता की सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांना पात्रतेचे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगावे लागले.

पैशाची गोष्टही पाहण्यासारखी आहे. १९७७ च्या कायद्याने उद्योगांवर आणि नगरपालिकांवर पाण्याच्या वापरानुसार उपकर बसवला होता आणि त्यातला मोठा वाटा मंडळांकडे येत असे. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकर गेला. मंडळाच्या मिळकतीत आता संमतिशुल्काचे महत्त्व मोठे आहे. महाराष्ट्रात ते कारखान्याच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरते. ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याच शुल्कावर पहारेकऱ्याचा संसार! यात कोणी एक अधिकारी लबाड असण्याची गरजच नाही.

कायद्यातील आणखी एक कलम कार्यकर्त्यांना क्वचितच माहीत असते. संमतीसाठी अर्ज आला आणि मंडळाने चार महिन्यांत होय किंवा नाही काहीच म्हटले नाही, तर संमती विनाअट मिळाली असे १९७४ च्या कायद्याने मानले. नागरिकाचा अर्ज कचेरीत पडून राहिला तर तो पडूनच राहतो. कारखानदाराचा पडून राहिला तर तो मंजूर होतो. ज्या मंडळात माणसे अपुरी आहेत, तिथे या कलमाचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

हे सारे कागदावरचे झाले. त्याचा जमिनीवरचा अर्थ पाहायचा असेल तर पालघर जिल्ह्यातील तारापूरकडे वळावे. बोईसरजवळची ही वसाहत औषधे, रंग, कापडप्रक्रिया आणि पोलाद यांच्या कारखान्यांनी भरलेली. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाच्या निर्देशांकानुसार क्रमवारी लावली, तेव्हा सत्तरहून अधिक गुण मिळून 'अतिप्रदूषित' ठरलेल्या त्रेचाळीस ठिकाणांत महाराष्ट्रातली पाच होती: चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. तारापूर पाचांत शेवटी, ७२.०१ वर. २०१८ च्या मोजणीत तारापूर ९३.६९ वर जाऊन देशात पहिले आले. मधल्या काळात मोजणीची पद्धत बदलली होती, म्हणून दोन आकड्यांची सरळ वजाबाकी करणे योग्य नाही. पण देशातला पहिला क्रमांक हा पद्धतीचा खेळ म्हणून झटकून टाकता येत नाही.

मधली ती वर्षे काही कायद्याविना गेलेली नव्हती. संमतिपत्रे होती, सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र होते. केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर. वसाहतीचे पाणी त्याहून अधिक. वरचे पाणी कुठे गेले असेल हे शोधण्यास तज्ज्ञ नको. ते नवापूर, दांडी, मुरबे या किनाऱ्यावरच्या मच्छिमारांच्या जाळ्यांत आले. क्षमतेचा आकडा मंडळाला ठाऊक होता आणि दिलेल्या प्रत्येक संमतिपत्रात किती पाणी सोडायचे याचा आकडा होता. या आकड्यांची बेरीज करणे हे शाळकरी पोराचे गणित. ते वेळेवर मांडले गेले असते तर गोष्ट वेगळी झाली असती.

अखेर अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. मच्छिमारांच्या एका जातिसंस्थेने हे काम केले. मोठ्या पक्षांनी आणि कामगार संघटनांनी नव्हे, ही बोचणारी बाब इथे नोंदवून ठेवणे बरे. समित्या नेमल्या गेल्या, पाहणी झाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभरावर कारखान्यांवर आणि प्रक्रिया केंद्रावर मिळून दीडशे कोटींहून अधिक भरपाई बसवली. अर्ज ते हुकूम: सहा वर्षे. अशा हुकुमांवर अपिले होतात, आणखी वर्षे जातात. त्या वर्षांत ज्याची होडी किनाऱ्याला लागून राहिली, त्याचा मुलगा त्याच वसाहतीत कंत्राटी कामगार होतो.

येथे चळवळीतली जुनी दुखरी नस लागते. कारखाना बंद करा म्हटले की आतला कामगार बाहेरच्या मच्छिमारावर उठतो, आणि मालक दोघांच्या मधे निश्चिंत बसतो. १९८८ च्या दुरुस्तीने मंडळाला कारखाना बंद करण्याचा, त्याची वीज व पाणी तोडण्याचा अधिकार मिळाला. वीज तुटली की पगारही तुटतो, आणि पगाराविषयी हुकुमात सहसा चकार शब्द नसतो. पण हे अटळ नाही. जुलै १९९६ मध्ये दिल्लीतील १६८ घातक कारखाने हलवण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की बंदीच्या आणि स्थलांतराच्या काळात कामगार नोकरीतच आहेत असे मानून त्यांना पूर्ण वेतन द्यावे, आणि नव्या जागी जाणाऱ्यांना एका वर्षाचे वेतन जादा द्यावे. तो आदेश किती कामगारांच्या हाती पोहोचला हा वेगळा आणि कडू विषय आहे. तरीही मागणीचा आधार त्यात आहे. बंदीची मागणी करणाऱ्या प्रत्येक निवेदनात वेतनाची मागणी त्याच कागदावर असली पाहिजे.

कामगाराचा प्रश्न आला की मंडळाखेरीज दुसऱ्या सरकारी खात्याकडे पाहावे लागते. कारखान्याच्या भिंतीबाहेरचे पाणी मंडळाकडे, भिंतीआतली सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, बाष्पके बाष्पक संचालनालयाकडे, जमीन औद्योगिक विकास महामंडळाकडे, आणि भिंतीला टेकून उभी राहिलेली चाळ वा इमारत महानगरपालिकेकडे. डोंबिवलीत २०२० साली रसायनांमुळे रस्ता गुलाबी झाला, तेव्हा हा रस्ता कोणाचा आणि रंग कोणाचा याची चर्चा रंगली. पण तिथेच २६ मे २०१६ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन बारा जीव गेले होते, आणि २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या कारखान्यात पुन्हा तसाच स्फोट होऊन पुन्हा माणसे मेली. या दोन मे महिन्यांच्या मधे आठ वर्षे होती. चौकशीची घोषणा, कारखाने हलवण्याची घोषणा, सारे काही झाले. प्रत्येक खात्याकडे आपापल्या हद्दीचा कागद बिनचूक असतो. स्फोटाला मात्र हद्द कळत नाही.

भोपाळमध्येही राज्याचे खाते होतेच. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीआधी इशारे मिळाले नव्हते असे नाही. १९८१ च्या अखेरीस त्याच कारखान्यात फॉस्जीनने एका कामगाराचा बळी घेतला. राजकुमार केसवानी या पत्रकाराने १९८२ मध्ये आपल्या छोट्या साप्ताहिकातून शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसल्याचे लिहिले. विधानसभेत प्रश्न निघाला, तेव्हा कारखाना म्हणजे उचलून दुसरीकडे ठेवावा असा दगड नव्हे, अशा आशयाचे उत्तर मध्य प्रदेशच्या मजूरमंत्र्यांनी दिले. मजूरमंत्री! उद्योगमंत्र्यांनी हे म्हटले असते तर निदान खाते तरी जुळले असते.

भोपाळची किंमत मोजून देशाने काही गोष्टी मिळवल्या. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाना कायद्यात नवे प्रकरण आले: धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले, सुरक्षा समितीत कामगारांना व्यवस्थापनाच्या बरोबरीने जागा मिळाल्या, आणि जिवाला धोका दिसताच इशारा देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. २०२० ची व्यावसायिक सुरक्षिततेची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. माहितीचा आणि इशाऱ्याचा हक्क तिच्यातही आहे. परंतु विजेवर चालणाऱ्या 'कारखान्या'ची व्याख्या तिने दहा कामगारांवरून वीसवर नेली, आणि निरीक्षकाला 'निरीक्षक-नि-सुविधाकार' असे नाव दिले. नावातल्या दुसऱ्या अर्ध्याने पहिल्या अर्ध्याला किती दिवस जगू दिले, हे पुढची काही वर्षे सांगतील. लहान रासायनिक शेडमध्ये अठरा माणसे काम करतात, तिथे हा बदल केवळ आकड्याचा राहत नाही.

शिक्षेचेही तसेच झाले. १९८६ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. खटले फार थोडे, कैद त्याहून थोडी, हे खरे. परंतु कैदेची भीती ही कागदावर असली तरी भीतीच. जनविश्वास नावाच्या २०२३ च्या कायद्याने ती काढून त्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. दंड भरलाच नाही तर कैद. हवेच्या कायद्यातही तेच केले गेले. पाण्याच्या कायद्यात असाच बदल करणारी दुरुस्ती २०२४ मध्ये प्रथम हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. इतर राज्यांत ती विधिमंडळाच्या ठरावानेच येते, तेव्हा आमदारांना आधीच गाठण्यास येथे वाव आहे. १९८६ च्या कायद्याखालचा दंड ठरवणार कोण? न्यायाधीश नव्हे, केंद्राच्या सहसचिव वा राज्याच्या सचिव दर्जाचा अधिकारी. ज्या कारखान्याचे एका दिवसाचे उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक आहे, त्याच्या हिशेबवहीत हा दंड वीजबिलाच्या खालच्या ओळीत बसेल.

याला एक उलट बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर चित्र अपुरे राहील. ४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की झालेले नुकसान भरून काढण्यासाठी पाण्याच्या व हवेच्या कायद्याखाली भरपाई बसवण्याचा अधिकार प्रदूषण मंडळांना आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने तो नाकारला होता. म्हणजे कोर्टकचेरीची वाट न पाहता मंडळ पैसे वसूल करू शकते. आता अधिकार नसल्याची सबब उरलेली नाही. इच्छा आहे की नाही, हेच विचारायचे.

आणि विचारायचे कसे, हेही कायद्यातच आहे. पंचविसाव्या कलमाप्रमाणे संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते, आणि ज्याचा त्या पाण्याशी संबंध आहे वा ज्याला त्याची झळ लागते अशा कोणालाही ती वाजवी वेळी पाहता येते. मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन आपल्या तालुक्यातल्या कारखान्यांच्या अटी वहीत उतरवून आणणे याला ना मोर्चा लागतो ना वर्गणी. एकोणपन्नासाव्या कलमाप्रमाणे कोणीही नागरिक मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन थेट न्यायालयात फिर्याद नेऊ शकतो, आणि तशी फिर्याद केल्यावर आपल्याजवळचे अहवाल मंडळाने मागणीनुसार त्याला द्यावयाचे असतात; सार्वजनिक हिताचे कारण दाखवून ते नाकारण्याची पळवाटही तिथेच आहे. साठ दिवस हा कारखानदाराला गटार धुऊन काढण्यास पुरेसा अवधी आहे, हा आक्षेप रास्त. म्हणून नोटीस देण्यापूर्वीच छायाचित्रे, तारखा, दवाखान्यातल्या नोंदी आणि मासेविक्रीचे हिशेब गोळा झालेले असावेत.

सर्वांत दुर्लक्षित राहिली आहे ती जनसुनावणी. १९९७ पासून ती आली, २००६ च्या अधिसूचनेने तिची रीत ठरवली. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी राज्याचे मंडळ ती भरवते, जिल्हाधिकारी वा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, तीस दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. नोटीस बहुधा निविदांच्या गर्दीत, बारीक टाइपात असते. ती रोज पाहण्याचे काम तालुक्यात एका कार्यकर्त्याकडे नेमून दिलेले असावे. सुनावणीला किमान उपस्थितीची अट नाही. मंडपात कंपनीच्या गाडीतून आलेली वीसच माणसे असली तरी ती सुनावणी कायदेशीर ठरते. गावाने बहिष्कार टाकला तर ती अधिकच लवकर उरकते. बहिष्काराचा मार्ग काही वेळा योग्य असतो, पण त्याने मंजुरी अडल्याचे फारसे दिसत नाही.

सुनावणी संपताना मात्र एक गोष्ट घडलीच पाहिजे. मांडलेल्या सर्व हरकतींचा गोषवारा मंडळाच्या प्रतिनिधीने जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा असतो, आणि मान्य झालेल्या त्या वृत्तांतावर त्याच दिवशी अध्यक्षांची सही व्हायची असते. दुपार टळलेली असते, लोक एसटी पकडायला निघालेले असतात, माइकवाला तारा गुंडाळू लागतो, आणि वाचन राहून जाते. ज्यांनी हरकत घेतली त्यांच्यापैकी निदान दहाजणांनी तोवर जागचे उठू नये. हरकत शब्दशः लिहिली गेली आहे की 'काही ग्रामस्थांनी शंका व्यक्त केल्या' एवढ्यावर भागवले आहे, हे ऐकून घ्यावे, चुकले असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावे, आणि सही झालेली पाहूनच मंडप सोडावा.